लहरी गिऱ्हाईक

"काका, कॉम्प्युटर गेमिंगला पाहिजे की ऑफिस यूजला?" काउंटरवरच्या पोराने विचारलं.

"कमी लहरी दाखव," मी म्हणालो.

पोरगं जरा बिचकलं. मागच्या काचेच्या केबिनकडे एक नजर टाकून, आवाज खाली आणून म्हणालं, "काका, लहरी फक्त आमचे शेठ आहेत. मशीनला तीन वर्षं वॉरंटी आहे."

त्याचं काही चुकलं नाही. विद्युतचुंबकीय लहरींचा त्रास होणारं गिऱ्हाईक त्याने आधी पाहिलं नसावं. आमच्या घरात मात्र या त्रासाला नऊ वर्षं झाली आणि तो आता कुलाचारासारखा पाळला जातो. रात्री दहाला राउटर बंद. मोबाइल झोपायला बाहेरच्या चपलांच्या कपाटावर. माझ्या खुर्चीच्या तीन फुटांत ब्लूटूथचं काही आणायचं नाही. आई एके काळी सोवळं पाळायची तेव्हा तिला हसणारा मीच होतो; आता माझं बिनतारी सोवळं बघून ती हसते.

ही मात्र हसत नाही आणि पाळतही नाही. तिचं स्वतःचं एकच खूळ आहे, स्वयंपाकघरात रबरी स्लिपर घालून वावरायचं. अन्नपूर्णेच्या जागी चपला म्हणून आईची गेली कित्येक वर्षं धुसफूस चालू आहे. "मला बरं पडतं," यापलीकडे ही कधी बोलत नाही. सासू-सुनेच्या मामल्यात मी पडत नाही. मला माझ्या लहरी पुरतात.

माझा हा त्रास काही कालचा नव्हे. १९९३ साली मी सदाशिव पेठेत एका छापखान्याच्या पोटमाळ्यावर डीटीपीला, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायला लागलो. चौदा इंची मॉनिटर, मागे हंड्याएवढं पोट, समोर ताटाएवढा पडदा. स्वीडनने तोवर मॉनिटरमधून किती विद्युतचुंबकीय क्षेत्र बाहेर पडलेलं चालेल याचे नियम केले होते. एमपीआर-टू नावाचे, १९९० सालचे. पोटमाळ्यावर त्यातलं फक्त 'लो रेडिएशन' लिहिलेलं स्टिकर पोचलं होतं. शिवाय मालकांनी पडद्यावर अडकवायला काळसर काचेचा फिल्टर आणून दिला होता. त्या फिल्टरला एक बारीक तार असायची आणि तिच्या टोकाला चिमटा. हा चिमटा मशीनच्या धातूच्या भागाला लावायचा, म्हणजे काचेवर साठलेली वीज जमिनीत जाते, असं खोक्यावर चित्र काढून दाखवलेलं होतं. ते चित्र कोणी पाहिलं नाही. आमची तार अकरा वर्षं हवेत लोंबकळत होती. त्या चिमट्याला आम्ही चहाची बिलं लावायचो.

संध्याकाळी डोकं ठणकायचं. पडदा सेकंदाला साठ वेळा उघडझाप करत होता, वरची चोकवाली ट्यूबलाइट शंभर वेळा, आणि मधे मी, दिवाळी अंकाच्या जोडाक्षरांत डोळे घालून बसलेला. डोकं दुखायला एवढं पुरेसं होतं. पण आमच्यात कोणीतरी 'किरणं' हा शब्द काढला आणि तो मला फार आवडला. डोळे आले, पित्त झालं यापेक्षा किरणं बाधली म्हणण्यात एक प्रतिष्ठा होती. पुढे सपाट पडदे आले, डोकं दुखायचं थांबलं, श्रद्धा राहिली. मग घरात वायफाय आलं, राउटर नेमका माझ्या डोक्यावरच्या फळीवर बसला, आणि ती श्रद्धा पुन्हा फळाला आली.

तर गेल्या पावसाळ्यात माझा जुना डेस्कटॉप गेला. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडून आत डोकावलं आणि ओपीडीतल्या डॉक्टरसारखं म्हणाला, "मदरबोर्ड गेला. यात पैसे घालू नका." नवीन घेणं आलं.

मुलीसाठी स्थळ बघावं तशी मी अटींची यादी केली. कीबोर्ड वायरचा, माउस वायरचा, इंटरनेट निळ्या केबलमधून. वायफाय असलंच तर मुळापासून बंद करता यायला हवं. डबा टेबलाखाली, पायांपासून लांब, कारण कुठल्याही यंत्राभोवतीचं क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने ढासळतं. ही गोष्ट खरी आहे आणि याच एका मुद्द्यावर माझं नि भौतिकशास्त्राचं एकमत आहे.

मोजायला म्हणून एक मीटरही मागवला. हिरवा, पिवळा, लाल असे दिवे लागतात आणि वर आकडा नाचतो. तो घेऊन मी घरभर फिरलो. बंद पडलेल्या डेस्कटॉपजवळ हिरवा, यात नवल नव्हतं. टीव्हीजवळ हातभर अंतरावर हिरवा. लेकीच्या लॅपटॉपजवळ हिरवा. मला वाईट वाटायला लागलं होतं. एवढ्यात स्वयंपाकघरात हिने खोबरं वाटायला घेतलं आणि मीटर भडकून लाल झाला, आकडा वर चढायचा थांबेल तर शपथ.

"बघ!" मी ओरडलो. "हा मिक्सर!"

"बरं," ही म्हणाली. भांडं काढलं, माझ्या हातात दिलं. "पाटा-वरवंटा माळ्यावर आहे. उद्यापासून चटणी तुमच्याकडे."

मिक्सरच्या लहरी मला सोसतात, हे माझ्या त्याच क्षणी लक्षात आलं.

माझी लेक बीएस्सीला फिजिक्स घेऊन शेवटच्या वर्षाला आहे. वास्तविक अशा मुलीने बापाच्या पाठीशी उभं राहायला हवं. मी तिला २०११ चा दाखला दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओ लहरींना 'कदाचित कर्ककारक' अशा टू-बी गटात टाकलंय, म्हटलं, हे मी म्हणत नाही. तिने शांतपणे तो गट काढला आणि त्यातली दुसरी एक नोंद माझ्यासमोर धरली. पारंपरिक आशियाई पद्धतीने मुरवलेल्या भाज्या. आईने ते ऐकलं, उठली आणि लोणच्याच्या बरणीचा दादरा घट्ट बांधून आली.

मग मी खोडदचा विषय काढला. अमेरिकेत ग्रीन बँक नावाचं गाव आहे. तिथे मोठी रेडिओ दुर्बीण असल्यामुळे भोवतालच्या लहरींवर निर्बंध आहेत, म्हणून माझ्यासारखी माणसं मुद्दाम तिथे राहायला जातात. आपल्याला एवढं लांब कशाला जायला हवं? नारायणगावाजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहेच की. गोविंद स्वरूपांनी उभारलेल्या तीस डिश, एकेक पंचेचाळीस मीटरची. भवताली रेडिओ शांतता. टोमॅटो ताजे. दोन खोल्या बघू, म्हटलं.

"बाबा, ती शांतता त्या डिशसाठी आहे," लेक म्हणाली. "त्या खरंच संवेदनशील आहेत. आकाशगंगेपलीकडचं ऐकतात. तुम्हाला दाराची बेल ऐकू येत नाही."

आणि तिने परीक्षा घ्यायचं ठरवलं. राउटर टॉवेलमध्ये गुंडाळून आतल्या खोलीत ठेवला. तिने नाणं उडवायचं, छापा पडला तर वायफाय चालू, काटा पडला तर मागचं बटण दाबून बंद. मी बाहेर खुर्चीत, डोळे मिटून, डोक्यात काय होतंय ते सांगायचं. असे वीस डाव. पहिल्याच डावाला माझ्या उजव्या कानशिलात कळ आली, अगदी ओळखीची. "चालू!" मी म्हणालो. आतून काही उत्तर नाही. नियमच तसा होता. सातव्या-आठव्या डावाला मला मळमळायला लागलं, पंधराव्याला आईने लिंबूपाणी आणून दिलं. निकाल लागला: विसात नऊ बरोबर.

"तुळशीबागेबाहेर पोपटवाला बसायचा," आई म्हणाली, "त्याचा पोपट यापेक्षा बरा होता."

लेकीला मात्र माझी दया आली असावी. तिने सांगितलं की असे प्रयोग मोठ्या प्रमाणावर झालेत. २००५ मध्ये एका आढाव्यात एकतीस प्रयोग एकत्र तपासले, माझ्यासारखी ७२५ माणसं. लहरी चालू की बंद हे त्यांना ओळखता येतं, याचा भरवसा वाटेल असा पुरावा निघाला नाही. पण गंमत म्हणजे त्रास त्यांना होत होता. लहरी नसतानाही, असतील या धास्तीने. आरोग्य संघटनाही त्याच वर्षी तेच म्हणाली, लक्षणं खरी, पण लहरींशी त्यांचा संबंध जोडायला वैज्ञानिक आधार नाही.

"म्हणजे डोकं दुखतं हे खरं?" मी विचारलं.

"खरं."

"मग झालं तर."

यानंतर घरात माझी बाजू घेणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून मी मुंबईला मेव्हण्याकडे गेलो. तो मला लॅमिंग्टन रोडला घेऊन गेला. या रस्त्याचं नाव भडकमकर मार्ग आहे, ते फक्त पाट्यांना माहीत आहे. तिथे एका गाळ्यात ऑफिसांनी वापरून सोडलेले लॅपटॉप विटांसारखे रचलेले होते. गाळेवाला माझं सगळं ऐकून घेणारा पहिला माणूस निघाला. त्याने राशीतून एक काढला. अख्खा ॲल्युमिनियमचा, राखाडी, वजनदार. "मेटल बॉडी. सगळ्या लहरी आतल्या आत कोंडून राहणार."

"मग वायफाय बाहेर कसं येतं?" मी विचारलं. वीस डाव हरलेला माणूस जरा अभ्यास करतो.

त्याने झाकणाच्या कडेची प्लॅस्टिकची बोटभर पट्टी दाखवली. "इथून." आणि बाकी काही बोलला नाही. एवढ्या प्रामाणिक माणसाशी घासाघीस करवेना. घेतला.

घरी आणला, टेबलावर ठेवला, चार्जर लावला, झाकणावर प्रेमाने हात फिरवला आणि थबकलो. गुळगुळीत ॲल्युमिनियम खरखरीत लागत होतं. बारीक पॉलिशपेपरवरून बोट फिरवावं तसं. मनगटाची आतली, नाजूक बाजू कडेला टेकवली तर झिणझिण्या. चार्जर काढला, पत्रा पुन्हा लोण्यासारखा. लावला, खरखर. काढला, लोणी. दहा वेळा केलं, दहाच्या दहा वेळा तेच. मग लेकीला बोलावलं, डोळे मिटून बसलो आणि तिला म्हटलं, आता उडव नाणं.

विसात वीस.

मी खोलीभर काय नाचलो असेन! नऊ वर्षांनी सिद्ध झालं होतं. लेकीने स्वतः हात लावला आणि तिलाही झिणझिण्या आल्या, तिथे माझ्या विजयाला जरा तडा गेला. संवेदनशील मी एकटा असायला हवा होतो. ती म्हणाली, "बाबा, ही लहर नाही, ही वीज आहे. चार्जरची पिन दोनच टोकांची आहे. आत विजेतला गोंगाट गाळायला कपॅसिटर असतो, त्यातून कणभर करंट पत्र्यावर येतो. जीवाला धोका नाही, मिलीॲम्पिअरचाही अंश. तिसरी पिन असली की जमिनीत जातो."

तीन पिनांची वायर आणली. लावली. झिणझिण्या तशाच.

मग वायरमनला बोलावलं. साठी उलटलेले, खिशात टेस्टर आणि दुसऱ्या खिशात तंबाखूची डबी. त्यांनी लॅपटॉपच्या पत्र्याला टेस्टर टेकवला, आतला नारिंगी ठिपका मंद लुकलुकला. "हं." माझं लहरींचं व्याख्यान सुरू झालं होतं, ते त्यांनी हाताने थांबवलं आणि बोर्डाचे चार स्क्रू काढले. प्लेट पुढे ओढली. लाल वायर फेजला होती, काळी न्यूट्रलला. हिरवी वायर मागे, भिंतीच्या भोकात, शेपटासारखी वळवून ठेवली होती आणि तिच्या टोकाला व्यवस्थित काळी टेप गुंडाळलेली. सॉकेटचं वरचं मोठं भोक नुसतंच भोक होतं.

"अर्थिंग जोडलंच नाही, साहेब. बारा-पंधरा वर्षं झाली असतील या कामाला. केलं कोणी?"

केलं होतं एका स्वस्तातल्या माणसाने. शोधला होता मी. माझ्या डोळ्यांपुढे पोटमाळ्यावरचा तो चिमटा आला, चहाच्या बिलांसकट.

त्यांनी सगळे बोर्ड उघडायला घेतले. प्रत्येकात तेच हिरवं शेपूट. स्वयंपाकघरात आले, फ्रिजच्या दांड्याला टेस्टर लावला, आणि या वेळी ठिपका लुकलुकला नाही, चांगला लख्ख पेटला. वायरमन दोन पावलं मागे सरले. "वहिनी, याला हात लावल्यावर झटका बसत नाही तुम्हाला?"

"बसायचा की," ही कणीक मळता मळता म्हणाली. "फ्रिज आणला त्याच वर्षी यांना सांगितलं होतं. म्हणाले, तुझे हात ओले असतील."

आम्ही तिघांनी, म्हणजे मी, वायरमन आणि दारात उभी असलेली आई, एकदमच खाली तिच्या पायांकडे पाहिलं. निळ्या रबरी स्लिपर. टाचेला झिजलेल्या.

आई काही न बोलता आत गेली. वायरमनने डबीतून चिमूटभर तंबाखू काढली, मळायला घेतली आणि मला विचारलं, "तुम्ही ते लहरींचं काय सांगत होतात, साहेब?"