बक्कल

आज सकाळी एका शोरूममध्ये पंचविशीतल्या एका पोराने मला सीटबेल्ट लावून दिला. मी ४७ वर्षांचा आहे. २६ वर्षं गाडी चालवतोय. दुपारपासून दुसरं काही सुचत नाहीये, म्हणून लिहून टाकतो. मोठं होणार आहे, वेळ असेल तरच वाचा.

तुम्ही बहुतेक सगळे मला पाहिलेले आहात. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: ६ फूट ३ इंच, १३२ किलो. धड लांब, खांदे रुंद, मांड्या जाड. आणि शाळेत होतो तेव्हापासून एकच वेड, दोन दारांची, बुटकी, जमिनीला बिलगून वळणं घेणारी गाडी. घर झालं, जबाबदाऱ्या झाल्या, सगळं रीतसर झालं. यावर्षी पहिल्यांदा वाटलं, आता घेऊ शकतो. भाचीला बरोबर नेलं होतं. ११ वर्षांची आहे आणि गाड्यांचं वेड तिला माझ्याकडूनच लागलंय.

गाडी सुंदर होती. नाव लिहिणार नाही, नावाने काही फरक पडत नाही. दार उघडलं, आधी बूड टेकवलं, मग एक पाय आत, मान वाकवून डोकं आत, मग दुसरा पाय हाताने उचलून आत. इथपर्यंत ठीक, या गाड्यांत सगळेच असे बसतात. पण बसल्यावर कळलं की मी सीटमध्ये बसलेलोच नाही, सीटवर बसलोय. दोन्ही बाजूंचे फुगीर आधार मांड्यांना धरून मला वर तोलून होते. डोकं छताला टेकलेलं. गुडघा स्टिअरिंगच्या खालच्या कडेला. आणि बेल्ट ओढला तर बक्कल सापडेना. ते होतं माझ्या मांडीखाली, सीट आणि मधल्या कन्सोलच्या फटीत गाडलं गेलेलं. हात तिथे जाईचना. मी एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. मग तो पोरगा दुसऱ्या दाराने आत वाकला, माझ्या कुशीखाली हात घातला आणि खट्कन बेल्ट लावला.

भाची काचेतून बघत होती. मग तिने मान वळवली आणि शेजारच्या गाडीची चाकं बघायला लागली. तिला चाकांत काही रस नव्हता, हे मला कळलं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "सर, खरं सांगू? तुमच्या पर्सनॅलिटीला एसयूव्हीच शोभेल."

शोभेल! मी शोभेची वस्तू घ्यायला गेलो होतो का? मला उंच गाडी नको आहे. ती चांगली असेल, माझ्या ताईकडे आहे, मी चालवतो, तक्रार नाही. पण वळणावर गाडी कलते आणि पोटात हलतं, ते मला नको आहे. मला रस्ता पाठीच्या मणक्यातून कळायला हवा आहे. ही इच्छा ७० किलोच्या माणसाला झाली तर हौस आणि १३२ किलोच्या माणसाला झाली तर हास्यास्पद, असं कोणी ठरवलं?

आता कोणीतरी खाली लिहिणारच, की वजन कमी कर. करतोय. वर्षभरात ११ किलो उतरवलंय आणि अजून उतरवीन. पण खांद्याचं हाड कसं उतरवू? कंबरेचं हाड? बसल्यावर माझं डोकं सीटपासून ज्या उंचीवर जातं, तिचा वजनाशी काय संबंध? मी ८० किलोचा झालो तरी ते डोकं त्या छताला लागणारच आहे. तेव्हा कृपा करून हा सल्ला आज देऊ नका.

हे सगळं अशक्य असतं तर मी गप्प बसलो असतो. पण अशक्य नाहीये. फोर्ड जीटी४० या शर्यतीच्या गाडीच्या नावातला ४० हा आकडा तिच्या उंचीचा आहे, ४० इंच. म्हणजे माझ्या कमरेच्याही खाली. १९६७च्या ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत याच घराण्यातली मार्क फोर गाडी उतरली. तिचा एक चालक डॅन गर्नी, सहा फुटांहून बराच उंच. हेल्मेट घातलं की त्याचं डोकं छतात मावेना. तर काय केलं? गर्नीला 'तुला दुसरी गाडी शोभेल' असं सांगितलं का? त्याच्या डोक्यापुरता छताला फुगवटा करून दिला. तासाला ३०० किलोमीटरच्या वर पळणारी गाडी, हवा कापण्यासाठी जिचा इंच न् इंच घासलेला, तिच्या छतावर एका माणसाच्या डोक्यासाठी टेंगूळ! आणि गर्नी व ए. जे. फॉइट यांनी ती शर्यत जिंकली. त्या फुगवट्याला आजही 'गर्नी बबल' म्हणतात.

नायजेल मॅन्सेलचं उदाहरण तर मला पाठच आहे. १९९२चा फॉर्म्युला वनचा विश्वविजेता. १९९५ मध्ये मॅक्लारेन संघाकडे आला आणि कॉकपिट, म्हणजे चालकाची बसायची जागा, त्याला अरुंद पडलं. मोसमातल्या पहिल्या दोन शर्यती तो चालवूच शकला नाही. संघाने त्याच्यासाठी जास्त रुंद गाडी नव्याने बांधली. पुढे दोन शर्यती चालवून तो निघून गेला, ते जाऊ द्या. जगज्जेता माणूस मावत नाही म्हटल्यावर गाडी बदलली, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्याला बेल्ट लावायला कोणी वाकलं असेल तर ते शर्यतीत सगळ्यांसाठीच वाकतात, त्यात कुणाची मान खाली जात नाही.

माझी मात्र गेली. अजून तो हात कुशीखाली जाणवतोय.

बरं, मान्य करतो, गाडी बुटकी आणि हलकी असणं यातच तिचा जीव आहे. गुरुत्वमध्य खाली हवा, समोरून हवेला अंग कमी दिसायला हवं. फुगवून फुगवून शेवटी त्याचीही एसयूव्हीच होईल. पण मी छत चार इंच वर घ्या म्हणत नाहीये! बक्कलची दांडी दोन इंच लांब करा म्हणतोय. सीट अजून इंचभर खाली जाऊ द्या म्हणतोय. स्टिअरिंग नुसतं वर-खाली नको, पुढे-मागेही सरकू द्या म्हणतोय. याने कुठली गाडी हळू होते?

आणि हे करता येतं, करून झालेलं आहे. जॅग्वार ई-टाइप १९६१ मध्ये आली तेव्हा तिचा तळ सपाट होता आणि पाय ठेवायला जागा कमी. १९६२ मध्ये पायाखालचा भाग खोलगट करून घेतला. गाडी बाहेरून तशीच देखणी राहिली, आत माणसाचे पाय मावायला लागले. मर्सिडीजची ३०० एसएल, १९५४ची, पंखासारखी वर उघडणाऱ्या दारांची. ती दारं निव्वळ ऐटीसाठी नव्हती. नळ्यांचा सांगाडा बाजूने इतका उंच आला होता की साधं दार बसवायला जागाच नव्हती. मग दार वर उघडलं आणि त्या उंच उंबरठ्यावरून पाय आत घेता यावेत म्हणून स्टिअरिंगचं चाक खाली कलतं केलं. ७० वर्षांपूर्वी कोणीतरी बसून विचार केला होता, की माणूस आत शिरणार कसा. माझदा एमएक्स-५ सारख्या जगभर लाडक्या गाडीला मात्र पुढे-मागे सरकणारं स्टिअरिंग मिळायला २०१९चं मॉडेल यावं लागलं. गाडी १९८९ पासून विकली जातेय! तीस वर्षं उंच माणसं त्या गाडीच्या सीटमधला फोम स्वतः कापून काढत होती, इंचभर खाली बसता यावं म्हणून. अजूनही कापतात. किती प्रेम असेल त्या गाडीवर, विचार करा. नवी कोरी सीट फाडून बसतात, पण गाडी सोडत नाहीत.

हे फक्त आरामाचं दुखणं नाही, हेही सांगतो. छातीचं हाड आणि एअरबॅग यांच्यात निदान २५ सेंटिमीटर अंतर ठेवा, असं सुरक्षावाले सांगतात. स्टिअरिंग सरकत नाही, सीट आणखी मागे जात नाही, मग जाड माणसाने ते अंतर आणायचं कुठून? आणि बक्कल हाताला लागत नाही म्हणून किती जण बेल्ट न लावताच निघत असतील? मी आज क्षणभर तसं म्हणणार होतो. "राहू द्या, इथल्या इथेच फिरवून आणतो." तोंडावर आलं होतं. भाची समोर होती म्हणून म्हणालो नाही.

यामागे एक हिशेब असतो. गाडीच्या आतली मापं ठरवताना साधारणपणे सगळ्यात लहानखुऱ्या ५ टक्के बायका आणि सगळ्यात मोठे ५ टक्के पुरुष सोडून मधल्यांचा विचार करतात. म्हणजे कुठलंही एक माप घ्या, दर २० पुरुषांमागे एक बाहेर. पण माणूस काही एका मापाचा नसतो. कोणी उंचीत बसतो आणि खांद्यात बाहेर पडतो, कोणी खांद्यात बसतो आणि मांडीत अडकतो. ही बाहेर पडलेली माणसं एकत्र मोजली तर २० मागे एक नक्कीच राहत नाहीत. शर्यतीच्या सीटा कपड्यांसारख्या मापांत मिळतात, लहान, मोठी, आणखी मोठी. रस्त्यावरच्या गाडीत का नाही? फॉर्म्युला वनमध्येसुद्धा शेवटी नियम करावा लागला. २०१९ मध्ये ठरलं की चालक आणि सीट मिळून निदान ८० किलो धरायचे, कमी भरले तर वजन घालून पुरे करायचे, म्हणजे उंच चालकाचं नुकसान होणार नाही. त्याआधी उंच पोरं उपाशी राहून वजन उतरवत होती. जगातल्या सगळ्यात निष्ठुर खेळाला हे समजलं.

थोडा थांबून चहा घेऊन आलो. राग जरा उतरलाय.

त्या पोराबद्दल वाईट लिहायचं नाहीये मला. खरं तर तो चांगला होता. बेल्ट लावताना त्याचाही चेहरा लाल झाला होता, आणि बाहेर पडताना मी दाराच्या चौकटीला धरून उठत होतो तेव्हा त्याने हात पुढे केला आणि मी धरला नाही. तो हात धरायला हवा होता. त्याला कोणी शिकवलंच नसेल की अशा माणसाला गाडी कशी दाखवायची. आधी सीट पूर्ण मागे आणि तळाला न्यायची, स्टिअरिंग वर करायचं, मगच दार उघडून 'बसा' म्हणायचं. दहा सेकंदांचं काम. तो मला लहान चणीच्या माणसाने सोडलेल्या सीटवर बसवत होता.

माझ्यासारखे जे कोणी इथे असतील (आणि आहात, तुमचे मेसेज येतात, जाहीर बोलत नाही एवढंच), त्यांच्यासाठी मला जे कळलंय ते सांगतो. बाहेरून गाडी केवढी दिसते यावर जाऊ नका. पोर्शे ९११ दिसायला आटोपशीर, पण पुढच्या दोघांना त्यात चांगली जागा आहे, इंजिन मागे असल्याने पायांपुढे ते येत नाही. निसान जीटी-आर आणि शेव्हरले कॉर्व्हेट या मोठ्या हाडापेराच्या माणसाला सामावून घेणाऱ्या गाड्या. उलट लोटस एलिस, मला अतिशय प्रिय गाडी, पण तिचे रुंद उंबरठे ओलांडून छताखाली शिरणं म्हणजे परीक्षाच. सनरूफ नसलेली गाडी मागा, सनरूफची चौकट डोक्यावरचे काही सेंटिमीटर खाते. पाच मिनिटं बसून उठू नका, अर्धा तास बसा, क्लच पन्नास वेळा दाबा, मान वळवून मागे बघा. आणि बक्कल आधी शोधा. सगळ्यात आधी बक्कल.

मी हे शोधलं नव्हतं. माझं लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे होतं.

परत येताना भाची गप्प होती. मीही. मला वाटलं, हिला आता मामाबरोबर कुठे जायला लाज वाटेल. या वयात वाटतेच, मी तिच्या वयाचा असतो तर मलाही वाटली असती. घरी आल्यावर ती आत गेली आणि ताईच्या शिवणाच्या डब्यातला टेप घेऊन आली.

"मामा, भिंतीला टेकून बस. ताठ."

बसलो. तिने सगळं मोजलं. बुडापासून डोक्यापर्यंत ९९ सेंटिमीटर. पाठीपासून गुडघ्यापर्यंत ६७. खांद्यांची रुंदी ५६. बसल्यावर कंबरेची रुंदी ४७, ते दोनदा मोजलं, कारण पहिल्यांदा मी श्वास आत ओढला होता आणि तिने ओरडून सोडायला लावला. वहीच्या पानावर माझं चित्र काढून प्रत्येक आकडा बाण दाखवून लिहिलाय. वर लिहिलंय 'मामाचं माप'. फोटो टाकणार होतो, ती नको म्हणाली, चित्र नीट आलं नाही म्हणे.

मग म्हणाली, "त्या गाडीतली बक्कलची दांडी केवढी होती?"

मी म्हटलं, माहीत नाही गं, दिसतच नव्हती.

"मग ती पण मोजायला पाहिजे," म्हणाली, आणि पानाच्या खाली 'बक्कल' लिहून पुढे जागा रिकामी सोडली. पुढच्या रविवारी दुसऱ्या शोरूममध्ये जातोय. टेप तिच्या दप्तरात गेलासुद्धा.