गोष्ट ऐकावी शेजारच्या गावात

न्यू जर्सीत 564 गावं आहेत आणि लायब्ररीत मुलांना गोष्टी सांगतात त्या स्टोरीटाइमच्या बाबतीत त्यांतलं सगळ्यात टुकार गाव नेमकं आपलंच असतं. घर घेताना तुम्ही शाळेचं रेटिंग पाहिलंत, ट्रेनचं स्टेशन किती लांब ते पाहिलंत, प्रॉपर्टी टॅक्स कमी म्हणून खूश झालात. लायब्ररी बघायची तेवढी राहिली. हरकत नाही. गाडी आहे, कारसीट आहे, शेजारच्या गावात भरपूर पार्किंग आहे.

पहिला अडथळा नोंदणीचा. ती ऑनलाइन असते, ठरल्या मिनिटाला उघडते आणि बघता बघता भरते. त्यासाठी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवण्याची सवय आधीपासून लावून घ्या. ‘गावातल्या रहिवाशांना प्राधान्य’ असं तिथे लिहिलेलं असेल. ते इतरांसाठी. त्या गावात तुमची एखादी मैत्रीण राहत असेलच, तिचा झिप कोड पाठ करा. लायब्ररीच्या कार्डासाठी पत्त्याचा पुरावा मागतात, गोष्ट ऐकायला सहसा कोणी मागत नाही. धोका फक्त मुलाकडून. तीन वर्षांच्या पोराला लायब्रेरियनबाईंनी कौतुकाने ‘कुठे राहतोस रे?’ विचारलं, की ते गावाच्या नावासकट सगळं सांगून मोकळं होतं. घरी थोडी तालीम घ्या.

(खरं तर बऱ्याच ठिकाणी जागा असेल तर बाहेरच्यांनाही आनंदाने घेतात, विचारलं तर तसं सांगतातही. पण विचारण्यात मजा काय?)

नाव एकाच गावात घालू नका. मंगळवारी इथे, बुधवारी तिथे, शनिवारी लेगो क्लब आणखी तिसरीकडे, अशी सगळीकडे जागा अडवून ठेवा आणि त्या दिवशी हवा बघून ठरवा कुठे जायचं ते. न गेलेल्या ठिकाणी कळवायच्या भानगडीत पडू नका. वेटिंग लिस्टवर त्याच गावातली मुलं ताटकळत असतील, तर त्यांना आयुष्याची ओळख लवकर होते.

आत गेल्यावर पोराला गालिच्यावर अगदी पुढे बसवा. लायब्रेरियनबाई गुडघ्यांवर बसून एका हातात बाहुली, दुसऱ्या हातात भलंमोठं चित्रांचं पुस्तक धरून गात असतील. त्याच वेळी मागे उभं राहून ग्रीन कार्डाची तारीख कुठवर सरकली याची मराठीतून चर्चा करावी. बाईंना मराठी येत नाही, त्यामुळे त्रास होत नाही. खुळखुळे वाटले की चांगला वाजणारा निवडा, साबणाचे फुगे सुटले की मुलाला खुशाल धावू द्या. शेवटी कागदी थाळीचं कासव करायचं असतं. त्याचं सामान दोन मुलांचं मागून घ्या, धाकटी घरी झोपली आहे. सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा असतील तर हे सगळं त्यांच्यावर सोपवता येतं. आजोबांना कोणी झिप कोड विचारत नाही.

मोठा अपमान होतो तो म्युझियमच्या पासाच्या वेळी. अख्ख्या कुटुंबाला फुकट प्रवेश देणारा तो पास बहुतेक लायब्ररी फक्त गावातल्या कार्डावर देतात. इथे मात्र तत्त्वाचा प्रश्न करायचा. ज्ञानाला गावाची वेस असते का, वगैरे. दादर-ठाण्याच्या ग्रंथालयांत अनामत ठेवून, महिन्याची वर्गणी भरून पुस्तक घरी आणणाऱ्यांची आपण मुलं. आपल्याला हे शोभतं.

वर्गणीवरून आठवलं. गावाची लायब्ररी तिथल्या घरांच्या करावर चालते. कायद्याने किमान एक तृतीयांश मिल (घराच्या हजार डॉलर किमतीमागे एक डॉलर कर म्हणजे एक मिल), म्हणजे 6 लाख डॉलरच्या घरामागे वर्षाला साधारण 200 डॉलर. तुमच्याही गावात लायब्ररी असेल तर प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात तिची वेगळी ओळ असते. ती वाचून चिडायचं. ‘आम्ही तर कधी जात नाही!’ हे वाक्य चारचौघांत बोलायला फार चांगलं, कारण ते खरं असतं.

आणि आता मुख्य काम, ज्यावर बाकी सगळं उभं आहे. लायब्ररी डोकी मोजते. गोष्टीला किती मुलं आली, किती मोठी माणसं आली, हे बाई रोज लिहून ठेवतात आणि वर्षाअखेरी तो आकडा राज्याच्या अहवालात जातो. तुमच्या मुलाचं डोकं शेजारच्या गावाच्या खात्यात पडतं, तिकडे बाई जास्तीचा वर्ग मागतात. तुमच्या गावात गालिच्यावर चार मुलं. मग गावाच्या बजेटची बैठक लागते. एरवी जाऊ नका, या बैठकीला आवर्जून जा, तीन मिनिटं बोलायला मिळतात. उभं राहून शांतपणे विचारा, ‘मुलं येतात कुठे? अर्धवेळ बाई पुरे की!’ टाळ्या पडतात. पुढच्या वर्षी मंगळवारची गोष्टही बंद झाली, की आपण इथे का जात नव्हतो ते सगळ्यांनाच पटतं.

यथावकाश शेजारच्या लायब्ररीत दाराशीच कार्ड स्कॅन करून घेऊ लागले, तर मनाला लावून घेऊ नका. त्याच्या पलीकडे अजून एक गाव आहे. तिथे गोष्टीनंतर मुलांना कुरवाळायला कुत्राही आणतात म्हणे.