४७ रुग्णांवरून एवढी उडी?

व्हिटॅमिन सीवरच्या एका लेखात अमेरिकेतले आयसीयू-तज्ज्ञ डॉ. पॉल मारिक यांच्या २०१७ च्या अभ्यासाचा आधार घेऊन शिरेतून दिलेलं व्हिटॅमिन सी सेप्सिसवर (जंतुसंसर्गाला शरीराचा अतिरेकी प्रतिसाद होऊन अवयव निकामी होऊ लागतात, त्यावर) रामबाण ठरवलंय. आकडे बघून कुणीही हुरळेल: उपचार मिळालेल्या ४७ पैकी ४ दगावले, न मिळालेल्या ४७ पैकी १९. पण हे दोन गट एकाच वेळचे नव्हते हो! उपचार सुरू होण्याआधीच्या सात महिन्यांतले रुग्ण एकीकडे, नंतरच्या सात महिन्यांतले दुसरीकडे. चिठ्ठ्या टाकून वाटणी नाही, काही नाही. शिवाय सोबत हायड्रोकॉर्टिसोन (एक स्टिरॉइड) आणि थायमिनही (व्हिटॅमिन बी१) होतं, मग श्रेय एकट्या व्हिटॅमिन सीला कसं?

पुढचं लेखकानं गाळलंय. २०२० च्या 'व्हिटॅमिन्स' चाचणीत या तिघांच्या मिश्रणाचा एकट्या हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. २०२२ च्या 'लोव्हिट' चाचणीत तर सेप्सिसचे ८७२ रुग्ण होते. मृत्यू किंवा अवयव निकामीच राहणं हे व्हिटॅमिन सी घेणाऱ्यांत ४४.५ टक्के, न घेणाऱ्यांत ३८.५ टक्के. म्हणजे उलटंच!

'व्हिटॅमिनच ते, काय बिघडणार' हा सूर मला जास्त खटकला. एवढ्या मोठ्या डोसनंतर काही ग्लुकोमीटर साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. त्या आकड्यावर इन्सुलिन दिलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांनी हा लेख वाचून डॉक्टरांकडे हट्ट धरण्यापेक्षा अँटिबायोटिक वेळेवर सुरू झालं का, हे विचारावं.