करंट तं येऊन राह्यला ना भाऊ!

राजेहो, आज बोलूनच टाकतो. गाडी सेल्फ मारत नाही म्हणून मेकॅनिककडं नेली की बॉनेट उघडायच्या आधीच निकाल तयार: "बॅटरी गेली तुमची." अरे बाबा, बॅटरी नवीकोरी आहे! मग दुसरा म्हणतो सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, काढा लागते, तिसरा म्हणतो डायनामो चार्जिंग देत नाही. टर्मिनलवर साचलेला निळा-हिरवा थर मात्र एकाच्याही नजरेत येत नाही. मोरचूद आहे तो, मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट! बॅटरीतलं अ‍ॅसिड क्लॅम्पच्या तांब्याला लागलं की तेच तयार होतं. वरुड-मोर्शीकडं चुन्यात कालवून संत्र्याच्या खोडांना लावतात, माझ्याकडं फुकटात पिकून राहिलं.

आणि तपासायची पद्धत बघा. टेस्ट लॅम्प लावला, बल्ब पेटला, "करंट तं येऊन राह्यला ना भाऊ!" अरे भैताडा, तुझा बल्ब खातो किती अन् सेल्फ खातो किती! वायरीतली एक तार शाबूत असली तरी बल्ब पेटतो. सेल्फ 150 अँपिअरच्या वर ओढतो. सांध्यात 0.01 ओहमचा अडथळा असला तरी 1.5 व्होल्ट तिथंच गडप. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावायची अन् सेल्फ मारायचा. अर्धा व्होल्ट दिसला की अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीकडं परत जायची वाट, खराब, विषय संपला. पण एवढं केलं तर नवी बॅटरी कोणाच्या गळ्यात बांधणार?

मागची बाजू तर विचारूच नका. गाडी सेकंडहँड. आधीच्या मालकानं डिक्कीत पोटॅशच्या गोण्या वाहिल्या. पोटॅश म्हणजे क्लोराईड, मिठाचाच सख्खा भाऊ. ओल धरतं अन् लोखंड, तांबं, पितळ सगळं खातं. टेल लॅम्पची अर्थिंग गेली. आता उजवं इंडिकेटर दिलं की टेल लॅम्प मिचकावतो, ब्रेक दाबला तर भलताच दिवा लागतो. मागून येणारा ट्रॅक्टरवाला शिव्या घालतो, त्याचंही चूक नाही.

समोरचे हेडलाइट पिवळे पडलेत. साध्या बल्बला व्होल्टेज 10 टक्के कमी मिळालं की उजेड 30 टक्क्यांच्या आसपास घटतो. दारव्हा-आर्णीकडच्या रस्त्यावर रात्री रोही, म्हणजे नीलगाय, आडवा येतो, रानडुकरं येतात, त्यांना काय माहीत माझा वायरी जोडायचा कपलर सडलाय!

खरा संताप मात्र त्या काळ्या टेपचा आहे. वायर पिळायची, टेप गुंडाळायची, पैसे घ्यायचे. ना थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची टोपी), ना सोल्डर, ना वरून चढवायची स्लीव्ह. मे महिन्यात 45 अंशांत टेपचा चिक सुटतो, मृगाच्या पहिल्या पावसात ती उलगडते, अन् पाणी प्लॅस्टिकच्या आतून तारांच्या फटींमधून सरकत जातं. वायर सोलली तर तांबं कोळशासारखं काळं. अजून सोला, अजून काळं! त्यावर सोल्डर बसतच नाही. त्यातही एका शहाण्यानं फॉग लॅम्प बसवताना चांगल्या वायरचं प्लॅस्टिक मधेच खरवडलं अन् तिथंच जोड मारला. उंदरांनी कुरतडलं असतं तर निदान दोष तरी देता आला नसता.

रबर सीलवाला कपलर तालुक्याला मिळत नाही. शोरूमला विचारलं तर तो पोट्टा कॉम्प्युटरमधून मान वर न करता म्हणतो, "सुटा नाही येत, पूर्ण हार्नेस घ्यावा लागेल." हार्नेस म्हणजे वायरिंगचा अख्खा जुडगा. दोन पिनांच्या कपलरसाठी पूर्ण हार्नेस! उद्या वेसण तुटली तर बैल बदलायला सांगाल काय रे? अन् वरून विचारतो, ऑर्डर टाकू का. अ‍ॅडव्हान्स पूर्ण भरावा लागेल, माल परत घेत नाही.