जेरेमाया राइट, ओबामा आणि माझ्या भाच्याचा प्रश्न

परवा भाच्याने पुण्याहून एक जुनी क्लिप पाठवली. शिकागोच्या एका चर्चचे पास्टर जेरेमाया राइट व्यासपीठावरून घसा ताणून म्हणतायत की देवाने अमेरिकेला आशीर्वाद नाही, शाप द्यावा. समोरचे लोक टाळ्या वाजवतायत. खाली भाच्याचं वाक्य: "मावशी, हाच ना ओबामाचा गुरू? वीस वर्षं याच्यापुढे बसला आणि नंतर म्हणे मला पटत नाही!"

लगेच उत्तर द्यायला घेतलं, पण ते व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मावेना. आणि हा प्रश्न मला नवा नाही. मार्च २००८ मध्ये मी स्वतः हेच वाक्य जवळजवळ याच शब्दांत बोलले होते.

तेव्हा आम्ही शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहत होतो. महिन्यातून एकदा सात-आठ मराठी घरं जमायची, त्या शनिवारी आमच्याकडे होती. गुरुवारी, १३ मार्चला, एबीसी वाहिनीने राइट यांच्या प्रवचनांचे तुकडे दाखवले होते आणि दोन दिवसांत ते सगळ्या वाहिन्यांवर फिरत होते. आमटी उकळत होती, टीव्ही चालू होता, आणि सगळ्यांचं एकमत झालं की राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतला ओबामा आता संपला. एक काका म्हणाले, "या देशाने आपल्याला एवढं दिलं. यांना काय कमी पडलं?" मी मान डोलावली. ती मान डोलावल्याचं मला आजही बोचतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी ‘गुरू’ या शब्दाचं. आपण धर्मगुरू म्हटलं की पायावर डोकं ठेवणारा शिष्य डोळ्यांपुढे येतो. ब्लॅक चर्चमधल्या, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांच्या चर्चमधल्या पास्टरशी लोकांचं नातं तसं नसतं. तो लग्न लावतो, मुलांचा बाप्तिस्मा करतो, मयताला उभा राहतो, पोरगं पोलिसांच्या तावडीत सापडलं तर आईबरोबर कोर्टात जाऊन बसतो. त्याच्याशी भांडता येतं. रविवारी दुपारी जेवताना लोक त्याच्या प्रवचनाची चिरफाड करतात आणि पुढच्या रविवारी परत त्याच बाकावर जाऊन बसतात. राइट यांनी १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये बराक आणि मिशेल यांचं लग्न लावलं, पुढे त्यांच्या दोन्ही मुलींचा बाप्तिस्मा केला. ओबामांच्या दुसऱ्या पुस्तकाचं नावसुद्धा राइट यांच्याच एका प्रवचनावरून आलेलं आहे.

ओबामा १९८५ साली शिकागोच्या साउथ साइडला, म्हणजे दक्षिणेकडच्या ब्लॅक वस्त्यांत आले तेव्हा २३ वर्षांचे होते. पोलादाचे कारखाने बंद पडत होते, वस्त्याच्या वस्त्या बेकार होत होत्या, आणि चर्चेसना एकत्र आणून लोकांचं संघटन करायचं हे त्यांचं काम. वडील केनियाचे, आई कॅन्ससची गोरी, बालपण हवाई आणि इंडोनेशियात. ते पास्टर लोकांना भेटायला जायचे आणि त्यांना उलट प्रश्न यायचा: तू स्वतः कुठल्या चर्चला जातोस? या शोधात ते ९५व्या रस्त्यावरच्या ट्रिनिटी चर्चमध्ये पोचले. राइट तिथे १९७२ मध्ये आले तेव्हा जेमतेम ८७ माणसं होती, निवृत्त होईपर्यंत ती सहा हजारांच्या पुढे गेली. गंमत म्हणजे ट्रिनिटी ज्या संप्रदायात मोडतं, त्या युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टमध्ये बहुसंख्य गोरे आहेत. ‘ब्लॅक असल्याची लाज नाही, ख्रिस्ती असल्याबद्दल माफी नाही’ अशा अर्थाचं ट्रिनिटीचं ब्रीदवाक्य टीव्हीवर जणू फुटीरपणाचा पुरावा म्हणून दाखवत होते.

राइट यांच्याबद्दलची एक गोष्ट टीव्हीवर क्वचितच सांगितली गेली. त्यांनी कॉलेज अर्धवट सोडून आधी मरीन्समध्ये आणि मग नौदलात नोकरी केली. नौदलात ते हृदय-फुप्फुसांच्या तपासण्यांचे तंत्रज्ञ झाले, आणि १९६६ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्यावर शस्त्रक्रिया झाली तेव्हा त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या पथकात ते होते. मी स्वतः हॉस्पिटलमध्ये इको काढते. रात्रभर मॉनिटरसमोर बसून दुसऱ्याच्या श्वासावर नजर ठेवणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. त्या माणसाला देशद्रोही म्हणताना जीभ जरा अडखळायला हवी होती. माझी अडखळली नाही, कारण मला हे माहीतच नव्हतं.

आता ती क्लिप. ते प्रवचन १३ एप्रिल २००३ चं. इराकच्या युद्धात अमेरिकी फौजांनी बगदाद घेऊन चार दिवस झाले होते. विषय होता, देव आणि सरकार यांची गल्लत करू नका. सरकारं खोटं बोलतात, सरकारं बदलतात, सरकारं चुकतात, देव नाही, असा तो सगळा मुद्दा चढत जातो. मूळ रहिवाशांना राखीव जमिनींवर कोंडलं, जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत टाकलं, आफ्रिकेतून आणलेल्यांना साखळदंडात बांधलं, असा एकेक दाखला येतो आणि मग तो शाप येतो. शापालाही अट आहे: जोवर हा देश स्वतःलाच देव समजून वागतो, तोवर. बायबलमधले जुने संदेष्टे आपल्याच राजाला असेच झोडायचे, त्या परंपरेतलं हे बोलणं आहे. आपल्याकडे कीर्तनकार उत्तररंगात हिरण्यकश्यपू होऊन नारायणाला वाटेल तसं बोलतो. तेवढाच तुकडा कापून महिनाभर टीव्हीवर दाखवला तर बुवा नास्तिक ठरतील.

ब्लॅक लोकांच्या नागरी हक्कांसाठी लढणारे पास्टर मार्टिन लूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ ला हत्या झाली. पुढच्या रविवारच्या प्रवचनाचा त्यांनी ठरवलेला विषय होता: अमेरिका नरकात का जाऊ शकते. आज त्यांच्या नावाची राष्ट्रीय सुट्टी आहे आणि शाळांमध्ये त्यांचं ‘माझं एक स्वप्न आहे’ हे भाषण तेवढं शिकवतात.

पण हे सगळं मी नंतर वाचलं. माझं मत बदललं ते वाचून नव्हे.

२००८ च्याच एप्रिलमध्ये माझ्याबरोबर काम करणाऱ्या नर्सची आई गेली. ती ब्लॅक, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी, साउथ साइडला वाढलेली. मयत एका छोट्या चर्चमध्ये होतं, ट्रिनिटी नव्हे. तिथे मी एकटीच भारतीय. दारात पांढरे हातमोजे घातलेल्या बाईने माझा हात धरून मला दुसऱ्या रांगेत, घरच्यांच्या मागे नेऊन बसवलं आणि हातात पुठ्ठ्याचा पंखा दिला. त्याच्या एका बाजूला किंग यांचा फोटो, दुसऱ्या बाजूला अंत्यविधी करणाऱ्या दुकानाची जाहिरात. पास्टरने हळू आवाजात सुरुवात केली. ही बाई १७व्या वर्षी मिसिसिपीहून आगगाडीने आली. ३१ वर्षं दुसऱ्यांची घरं पुसली. बँक ब्लॅक वस्तीत कर्ज देईना, म्हणून दलालाकडून करारावर घर घेतलं. करार असा की एक हप्ता चुकला की घर जातं. नवरा आजारी पडला, हप्ता चुकला, घर गेलं. आधी भरलेले नऊ वर्षांचे पैसेही गेले. इथवर येईतो त्यांचा आवाज चढला होता. "कोणी घेतलं ते घर?" असं त्यांनी तीनदा विचारलं. लोक उभे राहिले होते, "सांगा, सांगा" म्हणत होते, माझ्या पुढच्या रांगेतला एक म्हातारा काठी जमिनीवर आपटत होता. मला भीती वाटली, खरंच वाटली. आणि मग ऑर्गनचा एक सूर आला, पास्टरचा आवाज खाली उतरला, आणि त्याच माणसांनी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून गायला सुरुवात केली. माझी मैत्रीण हमसून हमसून रडत होती. अर्ध्या तासाने तळघरात सगळे तळलेलं चिकन आणि मॅकरोनी खात होते, मी मांसाहार करत नाही कळल्यावर दोन बायकांनी माझ्यासाठी घेवड्याची वेगळी भाजी शोधून आणली.

त्या तासाभरातली मधली तीस सेकंदं कोणी टीव्हीवर दाखवली असती तर?

काकांच्या वाक्याचं उत्तर मला त्या तळघरात मिळालं. यांना काय कमी पडलं? नऊ वर्षं हप्ते भरलेलं घर कमी पडलं. आणि आपल्याला या देशाने जे दिलं, ते कुणाच्या जिवावर? आपल्याला इथे येण्याचा दरवाजा उघडला १९६५ च्या कायद्याने. त्याआधी भारतासाठी वर्षाला नाममात्र जागा होत्या. तो कायदा झाला तो नागरी हक्कांच्या चळवळीने देशाचं वारं फिरवल्यावर, आणि ती चळवळ उठली याच चर्चेसच्या बाकांवरून. आपण मराठी माणसं तर हे नातं फार आधीपासून ओळखतो. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. शाळेत आपण हे अभिमानाने पाठ केलं आणि इथे येऊन त्या गुलामांच्या पणतवंडांना विचारलं, तुम्हाला काय कमी पडलं.

राइट यांचं सगळं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. एचआयव्हीचा विषाणू सरकारने ब्लॅक लोकांना मारायला बनवला, हे ते म्हणाले ते साफ खोटं आहे, आणि हॉस्पिटलमध्ये काम करणारी बाई म्हणून मला ते घातकही वाटतं. असल्या बोलण्याने माणसं तपासणीला यायची थांबतात. टस्कीगीमध्ये १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षं सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या ब्लॅक पुरुषांना औषध न देता नुसतं बघत ठेवलं, हे खरं आहे. त्यामुळे असा संशय का येतो ते कळतं. पण संशय समजून घेणं वेगळं आणि व्यासपीठावरून खोटं सांगणं वेगळं. मग २८ एप्रिलला वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये त्यांनी त्याचंच समर्थन केलं, वर ओबामा राजकारणी आहेत, राजकारण्यासारखं बोलतात, असा टोमणाही मारला. ज्या माणसाला आपण पोरासारखं वाढवलं त्याच्या पायात ऐन शर्यतीत पाय घालणं मला आजही माफ करता येत नाही.

या वादाला उत्तर देणारं ओबामांचं फिलाडेल्फियाचं भाषण त्याआधीचं, १८ मार्चचं. ३७ मिनिटांचं. मी ते मयताहून आल्यावर रात्री पूर्ण ऐकलं. राइट यांची वक्तव्यं चूक आहेत असं ते स्पष्ट म्हणतात. त्यांची मोठी चूक कुठली तेही सांगतात: हा देश बदलतच नाही असं धरून ते बोलतात. पण मग म्हणतात, मी यांना टाकू शकत नाही, जसं मी माझ्या गोऱ्या आजीला टाकू शकत नाही. जिने मला वाढवलं, जिचा माझ्यावर जीव आहे, आणि जिने रस्त्यात ब्लॅक पुरुष दिसला की भीती वाटते असं माझ्याजवळ कबूल केलं होतं. तिथे मी भाषण थांबवलं. माझी आजी डोळ्यांपुढे आली. सातारच्या घरात मागच्या दाराला एक कप टांगलेला असायचा, भाकरी न्यायला येणाऱ्या बाईसाठी वेगळा. त्याच आजीने मला जवळ घेऊन झोपवलं. तिला टाकायचं म्हटलं तर मी कुठून कापायला सुरुवात करू?

आणि टाकून दाखव ही अट सगळ्यांना सारखी नव्हती, ही माझी खरी तक्रार आहे. कतरीना वादळ ही न्यू ऑर्लीन्सच्या पापांची शिक्षा, असं म्हणणारे गोरे पास्टर जॉन हेगी यांचा पाठिंबा रिपब्लिकन पक्षाचे जॉन मॅकेन यांनी फेब्रुवारीत हसतमुखाने घेतला आणि मे महिन्यात, आणखी वक्तव्यं बाहेर आल्यावर, परत केला. मॅकेन त्यांच्या चर्चचे सभासद नव्हते, हा फरक आहे, मला मान्य आहे. मॅकेन यांनी राइट यांच्या क्लिपा प्रचारात वापरायला नकार दिला, तो त्यांचा मोठेपणाही मान्य आहे. पण हेगी यांच्यावरून कुणी सगळ्या गोऱ्या ख्रिस्ती लोकांची देशभक्ती तपासायला घेतली नाही. इकडे मात्र एकाच वेळी दोन अफवा सुखाने नांदत होत्या: ओबामा छुपे मुसलमान आहेत, आणि ओबामांचा ख्रिस्ती पास्टर भयंकर आहे. आमच्या जमणाऱ्या मंडळींतच दोन्ही म्हणणारे एकच लोक होते.

२९ एप्रिलला ओबामांनी राइट यांच्याशी संबंध तोडले. ३१ मेला ट्रिनिटी चर्चही सोडलं, तेही दुसऱ्याच एका पाहुण्या पाद्र्याने तिथे ओबामांच्या पक्षांतर्गत प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांची टिंगल केल्यावरून. सोमवारी कामावर मी मैत्रिणीला विचारलं, तुला काय वाटतं? ती हातमोजे चढवत होती. म्हणाली, "त्याला करावंच लागलं. पण ज्यांच्यासाठी केलं ते त्याला तरी कुठे मत देणार आहेत?" आणि पुढच्या रुग्णाकडे गेली.

तेव्हापासून ही क्लिप संपलेली नाही. २०२० मध्ये जॉर्जियातून सेनेटसाठी रफाएल वॉर्नॉक उभे राहिले, किंग यांच्याच एबेनेझर चर्चचे पास्टर. त्यांनी २००८ मध्ये राइट यांची बाजू घेतली होती, म्हणून १२ वर्षांनी विरोधकांनी तोच शाप पुन्हा जाहिरातीत वाजवला. वॉर्नॉक जानेवारी २०२१ मध्ये निवडून आले.

तर बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो, वीस वर्षं बसले. तू पाठवलीस ती तीस सेकंदांची क्लिप आहे. पूर्ण प्रवचन इंटरनेटवर आहे, ओबामांचं फिलाडेल्फियाचं ३७ मिनिटांचं भाषणही आहे. दोन्ही ऐक, आधी प्रवचन. मग फोन कर. माझ्याकडे शनिवारची रात्र असते तेव्हा तुझ्याकडे रविवारची सकाळ, दोघंही मोकळे असतो.