उतरल्यावर पुढे काय?

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर महिन्यातून एकदा तरी तोच वाद पेटतो: पुण्यात मेट्रो आली, मग बीआरटी, म्हणजे रस्त्यावरची फक्त बससाठीची वेगळी मार्गिका, कशाला? काका मेट्रोवाले, आतेभाऊ बसवाला. २००६ मध्ये सातारा रस्त्यावर बीआरटी सुरू झाली तेव्हाही दोघं असेच भांडले होते. नगर रस्त्यावरची २०२३ मध्ये उखडली, तेव्हा काकांनी पेढ्यांचा फोटो टाकला.

मी हे झ्युरिकमधून वाचतो. इथं मेट्रो नाही. आणायची होती, पण १९७३ मध्ये मतदारांनी नाकारली. चार वर्षांनी त्याच लोकांनी ट्राम आणि बस अडकून पडू नयेत म्हणून २० कोटी फ्रँक मंजूर केले. ट्राम जवळ आली की सिग्नल तिला वाट देतो आणि मोटारवाले मुकाट थांबतात. (मुकाट म्हणजे, त्यांच्या मानाने.)

माझं गाव शहराबाहेर आहे. लोकलमधून उतरलं की फलाटाला लागून पिवळी पोस्टबस, म्हणजे टपाल कंपनी चालवते ती प्रवासी बस, दार उघडं ठेवून उभी. जिना नाही, रस्ता ओलांडणं नाही. गाडीला दोन मिनिटं उशीर झाला तर ड्रायव्हर आरशात बघत थांबतो. १९९० पासून लोकल, ट्राम, बस, अगदी तळ्यातली बोटसुद्धा एकाच तिकिटावर.

गेल्या दिवाळीत आईला मेट्रोत बसवलं. गारवा, सरकता जिना, आई खूश. बाहेर आलो तर फुटपाथभर दुचाक्या. आई साडी सावरत रस्त्यावर उतरली. तीन रिक्षावाले नाही म्हणाले, चौथ्याने मेट्रोच्या तिकिटाच्या पाचपट मागितले. "त्यापेक्षा तुझी स्कूटर बरी होती रे," आई म्हणाली.

काकांचं ठरलेलं उत्तर: तिथं माणसंच किती! शहरात साडेचार लाखांच्या आसपास, खरंय. पण बस दर पाच मिनिटांनी सोडायची तर ती भरायला हवी, आणि बस भरणं पुण्याला कुणी शिकवायला नको. उलट आमची पोस्टबस दुपारी तीन माणसं घेऊन फिरते. तिकीट महाग, वर करातूनही पैसे जातात. तो थाट पुण्याला झेपणार नाही. स्टेशनच्या दारात बसथांबा आणि तिथवर मोकळा फुटपाथ झेपेल.

एवढं सगळं गटावर लिहिलं. आतेभावाने टाळ्या टाकल्या. काकांनी विचारलं, "ते ठीक आहे, पण तुमच्याकडं पार्किंगचं काय करतात?"