पंचवीस पॉइंट चार

जळगावात बेरिंगच्या दुकानात शिरणाऱ्या माणसाकडे विहिरीवरची मोटर, डाळमिल किंवा गेला बाजार एक ट्रॅक्टर तरी असणार, असं गृहीतच धरलेलं असतं. माझ्याकडे यातलं काही नाही. माझ्याकडे रिमोटवर चालणारी हातभर लांबीची बग्गी आहे. तिचं साडेतीन सीसीचं नायट्रो इंजिन मुठीत मावतं. कपाशी उपटून मोकळ्या झालेल्या रानात ती पळते, मागे काळ्या मातीचा लोट उठतो आणि बांधावरची माणसं 'याला काही काम नाही का' अशा नजरेने बघत राहतात. काम आहे. बेरिंग बदलणं.

या इंजिनात बेरिंगं दोनच. पुढचं लहान, मागचं मोठं. त्या दोघांच्या भरवशावर क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, मिनिटाला ३०,००० च्या वर फिरतो. वंगणाची वेगळी सोय नाही. इंधनात मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनबरोबर तेल मिसळलेलं असतं, त्यातलं बेरिंगमधल्या छर्ऱ्यांपर्यंत पोचेल तेवढंच त्यांचं. त्यात मिथेनॉलला हवेतलं पाणी ओढून घ्यायची खोड, आणि जळल्यावर मागे उरणारा गाळ आम्लधर्मी. म्हणून टाकीत इंधन तसंच ठेवून पावसाळाभर गाडी कपाटात टाकली, की मागचं बेरिंग गंजलंच म्हणून समजा. पुढच्याला गंजापेक्षा धूळ भोवते, आणि धुळीच्या बाबतीत खानदेशाला कुणाकडे हात पसरावा लागत नाही. मग लक्षणं सुरू होतात. इंजिन आयडलला एका जागी ठरत नाही, आत्ता घों तर मग फुस्स. क्लचच्या मागे तेलकट ओल दिसायला लागते. क्रँक बाहेर काढून मागच्या बेरिंगमध्ये करंगळी घालून फिरवली, की आत रवा भरल्यासारखं खरखर लागतं.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. खरा वनवास दुकानाच्या पायरीवर सुरू होतो.

"नंबर बोला भाऊ."

"पुढचं सहाशे सात."

हे लगेच मिळालं. ७ बाय १९ बाय ६, म्हणजे बाजारातलं सरळमार्गी ६०७. पण मागच्याला नंबर नाही, नुसतं माप आहे: आतून १४, जाडी ६ आणि बाहेरून २५.४. म्हणजे आतून मिलिमीटर आणि बाहेरून बरोब्बर एक इंच. आतून फ्रेंच, बाहेरून इंग्रज.

"पंचवीस पॉइंट चार कुठे असतं का भाऊ? पंचवीस घ्या नाहीतर सव्वीस घ्या, एकावर या."

मी व्हर्नियर खिशातून काढून दाखवला. दुकानदाराने तो हातात घेऊन उजेडात धरला, परत दिला आणि चष्मा पुसला. मग दोन्ही बाजूंनी उपाय सुरू झाले. बेरिंग ढिलं बसलं तर कोल्ड्रिंकच्या डब्याची पट्टी कापून लावा. घट्ट होत असेल तर बेरिंग बसतं ते घर लेथवर वाढवून घ्या. कडेला स्टुलावर बसलेल्या नानांनी आतापर्यंत सगळं ऐकून घेतलं होतं. ते म्हणाले, "पोरनी खेयानी गाडी शे का?"

"हो," मी म्हटलं. पोर सत्तेचाळिशीचं आहे, हे सांगायची गरज वाटली नाही.

"किती फिरस?"

"मिनिटाला तीस-पस्तीस हजार."

नानांनी दुकानदाराकडे पाहिलं, दुकानदाराने नानांकडे. त्यानंतर माझ्याशी ते ज्या मायेने बोलले, तसं डोक्यावर उन्हाचा परिणाम झालेल्या माणसाशी बोलतात. जाता जाता मी 'सी-थ्री मिळेल का' असंही विचारून घेतलं. बेरिंगात नेहमीपेक्षा थोडी जास्त मोकळीक ठेवतात, त्याची ती खूण. "सी-थ्री? मागच्या जिन्याने जा, वरच्या मजल्यावर डावीकडे," असं उत्तर आलं. वर गेलो. गाळा नंबर सी-३ मध्ये ब्लाउजपीस होते.

मागचं बेरिंग शेवटी ऑनलाइन मागवावं लागलं, आणि तिथे वेगळाच बाजार भरलेला. साधं पोलादी, स्टेनलेस, सिरॅमिक, आणि पुढे 'रेसिंग' हा शब्द जोडला की किंमत दुप्पट. सिरॅमिकवर माझा राग नाही. त्याचे छर्रे सिलिकॉन नायट्राइडचे, पोलादाच्या निम्म्याहून हलके, आणि त्यांना गंज चढत नाही. पण ते ज्या कड्यांमध्ये धावतात त्या बहुतेकदा साध्या पोलादाच्याच, आणि त्यांना खुशाल गंज चढतो. चौपट पैसे मोजून न गंजणारे छर्रे गंजक्या वाटेवरून पळवायचे, याला माझ्या आजीने काय म्हटलं असतं ते इथे छापता येणार नाही. माझ्या मते पैसे घालायचेच तर पिंजऱ्यात घालावेत. छर्ऱ्यांना एकमेकांपासून लांब ठेवणारा पिंजरा पत्र्याचा, रिवेट मारलेला असला तर एवढ्या वेगाला तुटतो, त्याचे तुकडे आतल्या वाऱ्याबरोबर वर चढतात आणि पिस्टन-स्लीव्हला ओरखडून टाकतात. तपकिरी फिनॉलिकचा, म्हणजे एका कडक प्लास्टिकचा, पिंजरा त्या मानाने शांत स्वभावाचा. आणि मागचं बेरिंग दोन्ही बाजूंनी उघडंच हवं. सील, म्हणजे तोंडावरचं झाकण, असलेलं 'जास्त टिकतं' म्हणून गळ्यात मारतात, पण सील असलं की तेल आत जाणार कुठून? पुढच्या ६०७ ला मात्र बाहेरच्या अंगाचं सील राहू द्यायचं, आतल्या अंगाचं सुईच्या टोकाने अलगद उचकटून काढायचं. हे करताना श्वास रोखला जातो आणि घरात कुणीतरी हमखास हाक मारतं.

बेरिंग ठोकून काढायचं नाही, तापवून काढायचं. बेरिंगचं घर ॲल्युमिनियमचं, आणि ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट पसरतं. शंभर अंशांनी तापमान वाढलं की एक इंचाच्या घरात जेमतेम तीन शतांश मिलिमीटर जागा होते, आणि तेवढी पुरते. शेजारच्या काकांचा सल्ला होता, "गच्चीवर ठेव, मे महिना आहे, आपोआप निघेल." आमच्याकडचा मे महिना पंचेचाळीसवर हात टेकतो, आणि लागतात सव्वाशे-दीडशे. म्हणजे ओव्हन आला, आणि ओव्हन म्हटल्यावर बायको आली.

"अहो, यात मी उद्या बट्ट्या भाजणार आहे."

मी क्रँककेस, म्हणजे बेरिंगं बसतात ती इंजिनाची पेटी, पेट्रोलने धुऊन, वाळवून, पुसून दाखवली. तरी धातूच्या कानाकोपऱ्यात जे बसलेलं असतं ते बसलेलंच असतं. माझ्या इंधनातलं तेल एरंडेलाचं. दहा मिनिटांत तो वास स्वयंपाकघरातून जिन्यात, जिन्यातून गल्लीत गेला. समोरच्या काकू दारात येऊन काळजीने विचारत्या झाल्या, "कुणाचं पोट बिघडलं गं?" लहानपणी दर सुट्टीत ज्यांना एरंडेल पाजलं गेलं, त्या पिढीचं नाक फसत नाही.

हातमोजे घालून गरम क्रँककेस लाकडाच्या ठोकळ्यावर पालथी आपटली. टप्. मागचं बेरिंग आपणहून बाहेर. पुढचं आतून लाकडी काठीने ढकललं. नवी जोडी फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी गारठत होती. केस परत तापवून ती आत सोडली आणि तिरकी बसू नये म्हणून क्रँकशाफ्ट घालूनच सरळ केली. पुढचं दाबायचं ते बाहेरच्या कड्यावर. आतल्या कड्यावर जोर दिला तर नवीन बेरिंग बसायच्या आधीच म्हातारं होतं. हे सगळं काही सेकंदांत उरकतं, आणि त्या सेकंदांत फोन वाजतोच.

आता बेरिंग करंगळीवर लोण्यासारखं फिरतं. गाडी चालवून झाली की टाकी रिकामी करून, उरलेलं जाळून टाकून, आत तेलाचे दोन थेंब सोडून ठेवतो. गल्लीत मात्र वेगळीच बातमी पसरली. काका संध्याकाळी कूलरची मोटर काखेत मारून आले.

"बेरिंग गेलंय हिचं. बदलून दे."

मी खोलून पाहिलं. "काका, यात बेरिंग नाहीच. बुश आहे."

"बरं, मग ओव्हन लाव."